अर्धा पेढा

स्क्रीनवरचा आकडा पाहून मुग्धाचे गाइड पाटणकर सर ओरडलेच. "एकशेवीस अंशांना नव्वद टक्के! मुग्धा, जमलं गं!"

मुग्धाने नुसती मान हलवली. धूर साफ करणाऱ्या जुन्या उत्प्रेरकांना तापलेलं इंजिन लागायचं. सकाळी गार बस सुरू झाली, की धुरातले नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर पडायचे. तिची मँगनीज ऑक्साइडची काळी भुकटी अमोनियाच्या मदतीने एवढ्या कमी तापमानालाही त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा साधा नायट्रोजन करत होती.

आई बस कंडक्टर होती. डेपोतला तो धूर नोकरीभर गिळला तिने. घरी आली, की खोकत विचारायची, "काय गं, तुझी भुकटी उठली का झोपेतून?"

तेरावं उरकून मुग्धा कालच कामावर आली होती. रडू आलंच नव्हतं. पाहुण्यांत कुजबुज झाली, "दगड आहे पोरगी."

सरांनी पेढे मागवले. तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला टिश्यू पेपरात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. लॅबमधला अर्धा पेढा कायम असाच आईसाठी घरी जायचा. पर्सची चेन लावता लावता तिचा हात थांबला.

डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"सर, अमोनिया गळतोय बहुतेक," ती म्हणाली.

सरांनी सिलिंडरकडे पाहिलं. मघाशी तो त्यांनीच बंद केला होता.

"हो, गळतोय खरा," ते म्हणाले. मग खिडकी उघडून, तिच्याकडे पाठ करून, बाहेर बघत उभे राहिले.