सुरूची फांदी
ख्रिस्ती झालेले माझे यजमान वर्षभराने दांडिया बाजारातल्या घरी आले, ते नाताळच्या सकाळी, सुरूची फांदी घेऊन. फांदीला कागदाच्या चांदण्या टांगल्या होत्या. सासूबाई तोंड फिरवून आत गेल्या. मी दाराआड उभी राहिले. "हे झाड पानगळीतही हिरवं राहतं," अंगणातूनच ते म्हणाले. "प्रभूला मरण नाही, त्याची ही खूण. तुला न्यायला आलोय. चल." "तुम्ही बाटलात तेव्हा मामंजींनी दर्भाचा पुतळा करून तुम्हाला अग्नी दिला," मी म्हणाले. "तेरावंही झालं." "त्यानं का माणूस मरतो?" ते हसले. मी पुढे झाले. तांबडं आलवण, रिकामं कपाळ, पदराखालचं वपन केलेलं डोकं त्यांनी पाहिलं. ते एक पाऊल मागे सरले, फांदी छातीशी धरून. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोणाशी बोलतेस? बाहेर कोणी नाही." मी दार लावून घेतलं.