तोच कागद

ऑस्ट्रेलियात, तनामी वाळवंटातल्या आमच्या शाळेत मुलांचं इंग्रजी तपासायला शहरातून बाई आल्या. टायशाच्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘प आणि ब यांतला फरक कळत नाही. वाचादोष. वेगळ्या वर्गात बसवावं.’

टायशाची मावशी नोरीन तिथेच जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, “बाई, तो कागद ओठांसमोर धरा आणि ‘पिन’ म्हणा.”

श्वासाच्या झोताने कागद फडफडला.

“आता ‘स्पिन’ म्हणा.”

कागद ढिम्म.

“प दोन निघाले की. तुम्ही एकच धरता होय?”

“इंग्रजीत एकच धरतात.”

“आमच्या वार्लपिरी भाषेत प-ब एकच धरतात.”

नोरीनने कागद घेतला आणि टायशाच्या नावाखाली बाईंचं नाव लिहिलं.

“आता दोघींना त्या वर्गात बसवा.”