साडेतीनशेचा चार्जर

संवत्सरीचा उपास सुटला की सोनगीरचे भिकमचंद शेठ दरवर्षी गिऱ्हाइकांच्या दारोदार जात आणि वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागत. यंदा ते सगळ्यांत आधी जगदीशच्या दारात उभे राहिले. चार महिन्यांपूर्वी याच जगदीशनं त्यांना भर दुकानात सुनावलं होतं, "साडेतीनशे? हाऊ चार्जर शे का सोनं? ऑनलाइन नव्वदले भेटस!" आणि मोबाइलवरचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरून तिथल्या तिथे तो स्वस्तातला चार्जर मागवलाही होता.

"शेठ, माफी ते मी मांगाले जोयजे," जगदीश मान खाली घालून म्हणाला.

"नाही भाऊ. भाव माझा बरोबरच होता. दुकानाचं भाडं, वीज, पडून राहिलेला माल, सगळं त्यात येतं. कुठला माल घरात नेऊ नये, हे सांगायचे पैसेही त्यातच येतात." शेठांनी पुन्हा हात जोडले. "तो फोटो बघताच मी ओळखलं होतं, हा तापून पेट घेणाऱ्यातला आहे. पण तू माझ्याकडून घेत नव्हतास, म्हणून मी तोंड उघडलं नाही."

आतून जगदीशची लहानगी लेक पाण्याचा पेला घेऊन आली. तिनं तो पाहुण्यापुढे डाव्या हातानं धरला, तरी तिला कुणी टोकलं नाही.

उजवा अजून पट्टीतच होता.