डावीकडची हाक

गुणाबाईची मान बारा दिवसांपासून तेल पीत होती, पण डावीकडे वळायचं नाव घेत नव्हती. उजवीकडे छान वळायची. डावीकडे बघायचं झालं की बाई बैलबंडीसारखी पायापासून सगळीच फिरायची. सिंदेवाहीच्या निसर्गोपचार केंद्रात येणारे-जाणारे तिला हसत आणि तीही त्यांच्यासोबत हसून घेई.

आज मात्र ती हसली नाही. मालिशच्या टेबलावर पालथी होता होता म्हणाली, "पोरी, मोहाले कळ्या धरल्या. आठ दिवसांत फुलं पडतीन. मान नाई वळली तं माही सून एकटीच जातो म्हन्ते जंगलात."

"तिले सांगा ना, नोको जाऊ म्हनून," मालिश करणारी दिव्यानी म्हणाली.

"आयकते का माह्यं!"

न ऐकणारी सून, साधना, बाहेर बाकावर बसली होती. दार टेबलाच्या डाव्या अंगाला होतं, आणि त्यावर हिरवा पडदा.

दिव्यानीने टोरीचं तेल वाटीत कोमट केलं. मोहाच्या बियांचं हे तेल. वास उग्र, पण इथल्या बायकांना घरचा वाटतो. नागपूरला दोन वर्षं शिकून आलेल्या दिव्यानीला आपल्या हातांचा अभिमान होता, आणि या एका मानेने तिला जेरीला आणलं होतं. एक्स-रे काढून झाला होता. त्यात काहीच निघालं नव्हतं.

गुणाबाईने टेबलाच्या डोक्याकडच्या भोकात तोंड घातलं. खाली नुसती फरशी दिसत होती. दिव्यानीचे अंगठे मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरले, परत वर आले, परत उतरले. मध्येच लाईट गेली. पंखा हळू होत होत थांबला आणि खोलीत तेलाचा वास तेवढा उरला.

मानेवरून एक थेंब ओघळला आणि फरशीवर पडला. टप. थोड्या वेळाने दुसरा. गुणाबाईचे डोळे जड झाले होते. फरशी आता फरशी राहिली नव्हती. झाडाखालची झाडून लख्ख केलेली जमीन होती, आणि पहाट होती.

"पडून राह्यले," ती पुटपुटली.

"काय, बाई?"

"फुलं. हळू चाल. पायाखाली येतीन."

दिव्यानीला हसू आलं. या टेबलावर लोक घोरतात, रडतात, कुणी झोपेत भांडतातही. तिनेही आवाज लहान केला. "कोन कोन आलं वेचाले?"

"मी अना सुकरी. डाव्या अंगाले हाय सुकरी. आवाज देऊन राह्यली."

दिव्यानीचे अंगठे थबकले. मागच्या हंगामात मोह वेचताना सुकरीला वाघाने नेलं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. ती कोणाच्या डाव्या अंगाला होती, हे दिव्यानीला आज कळलं.

मोह वेचणाऱ्या बाया वाकलेल्या असतात, झुडपांमागे असतात, एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकीने हाक मारायची, दुसरीने ओ द्यायची. ओ ऐकू आली की पुन्हा वाकायचं. हे लहान पोरींनाही शिकवलेलं असतं.

"मंग ओ द्या ना, बाई," दिव्यानी म्हणाली.

"नाई देत. माह्या झाडाखालचे फुलं वेचले तिनं. दोनदा सांगतलं. बोलतच नाई मी तिच्यासंगं."

मान दिव्यानीच्या हाताखाली लाकडासारखी झाली.

"तीन खेपा हाक मारली तिनं," गुणाबाई म्हणाली. "मंग नाई मारली."

यावर कोणतं तेल लावायचं ते दिव्यानीला कुणी शिकवलं नव्हतं. तिला खूप वाईट वाटलं. चोळायचं सोडून तिने दोन्ही तळवे नुसते त्या मानेवर ठेवले आणि उभी राहिली. किती वेळ, तिलाही सांगता आलं नसतं. थेंब पडायचे थांबले होते.

बाहेर बसून बसून साधना कंटाळली असावी. पडद्यापलीकडून तिने हाक मारली. "आई वो! ओ आई!"

"ओऽऽ!"

एवढ्या जोरात, की बाकावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले. गुणाबाई कोपरांवर उठली होती. मान दिव्यानीच्या तळव्यांखालून निसटली आणि दाराकडे वळली. खांदे जागच्या जागी होते, वळली ती फक्त मान.

साधना घाबरून पडदा सारून आत आली. "काय झालं वो? एवढ्या जोरानं काऊन?"

गुणाबाई तिच्याकडे पाहत राहिली. गालांवर भोकाच्या कडेचा गोल वळ उठला होता आणि डोळे भरून आले होते. मान वळली, हे दिव्यानीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने तेलाची वाटी हातात घेतली.

"मी येतो तुह्यासंगं मोह वेचाले," गुणाबाई म्हणाली. "पन मी आवाज देला का ओ देजो. माह्यावर राग असला तरी देजो."

"कायचा राग, आई?"

सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तरी गुणाबाईने जंगलात मारतात तशी लांब हाक मारली, "साधनाऽऽ!"

साधनाला हसावं की काय करावं ते कळेना. तिने दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानी खाली बघत वाटीतलं तेल बोटाने ढवळत होती. सासू अजून मान वळवून वाट पाहत होती.

"ओ," साधना म्हणाली.