पाळकसाहेबांचं सातवं प्रकरण

“बाकी हवं ते कापा, सुमतीबाई. सातव्या प्रकरणाला मात्र हात लावायचा नाही.”

एवढं सांगून पाळकसाहेबांनी चहात बिस्किट बुडवलं आणि सुमतीने हातातलं लाल पेन खाली ठेवलं. सातव्या प्रकरणाला हात लावायचा म्हणूनच तर तिने त्यांना करंजाड्याच्या आपल्या घरी बोलावलं होतं! रेव्हरंड प्रभाकर उजागरे म्हणजे काही लहानसहान माणूस नव्हे. सुमतीचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा, लग्नही त्यांनीच लावलेलं. त्यांच्या सेवेला आता पन्नास वर्षं होत होती, त्यासाठी हे आठवणींचं पुस्तक, संपादन सुमतीकडे, आणि पानं उद्या सकाळी छापखान्यात जायची होती. अशा माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की साहेब, तुम्ही थाप मारलीये?

प्रकरण तसं फक्कड होतं. तरुण पाळक शुभवर्तमान सांगायला उरणकडच्या एका गावी निघतात, वाटेत खाडीच्या चिखलात एक बाई रुतलेली दिसते, पाळक जिवावर उदार होऊन तिला बाहेर ओढतात. ही साक्ष त्यांनी कुठल्या चर्चमध्ये सांगितली नव्हती? दर वेळी मंडळी डोळे पुसायची. सुमतीनेही पुसले होते.

घोटाळा केला तो ठमाबाईने. ठमाबाई सोसायटीत मासळी विकायला यायची, सत्तरी ओलांडलेली कोळीण. सुमतीची एक जुनी खोड होती. हातातलं प्रत्येक पुस्तक ती दारात मांदेली साफ करत बसलेल्या ठमाबाईला वाचून दाखवायची. ठमाबाई ‘म्हंजे काय?’ म्हणाली रे म्हणाली, की सुमती तिथे लाल खूण करायची. मग लिहिणारा देवशास्त्राचा कितीही मोठा पंडित असो. पण सातवं प्रकरण ऐकता ऐकता ठमाबाईचा हातच थांबला. “बाई, ह्ये उलटं लिवलंय. रुतला व्हता त्यो पाद्री. काढला मी!” आणि तिने अशा एकेक खुणा सांगितल्या, की सुमतीला शंकेला जागाच उरली नाही.

बेल वाजली. ठमाबाईला तिने मुद्दाम याच वेळी यायला सांगितलं होतं. सुमतीने देवाचं नाव घेतलं आणि दार उघडलं.

“साहेब, ह्या ठमाबाई,” ती कशीबशी म्हणाली. “तुमच्या सातव्या प्रकरणातल्या.”

ठमाबाईने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पाळकसाहेबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला, “ह्योच त्यो. क्येस गेलं, पन नाक त्येच हाय.”

पाळकसाहेबांचं बिस्किट तुटून चहात पडलं. आता हे उठणार, पुस्तकाचा गठ्ठा काखोटीला मारणार आणि आयुष्यात माझं तोंड बघणार नाहीत, असं सुमतीला वाटलं. तिला रडूच यायला लागलं.

“फळी...” पाळकसाहेब हळूच म्हणाले. “फळी टाकलीत ती तुम्हीच?”

“मंग! आनि तुमी काय वरडत व्हता! येका हातात त्ये देवाचं पुस्तक, दुसऱ्या हातात बूट, दोनी वर धरलेलं. मी म्हनलं, पाद्रीबाबा, कायतरी येक सोडा, नायतर वडू कशाला धरून? तवा बूट सोडलात.”

“नवा होता हो बूट,” पाळकसाहेब म्हणाले.

“मंग माज्या नवऱ्याचा रुमाल गुंडालून बसला आनि तीन बारी भात मागून खाल्लात!”

कोळ्याचा कमरेला गुंडाळायचा तो तिकोनी रुमाल नेसलेले पाळकसाहेब सुमतीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि तिने तोंडाला पदर लावला. पण पाळकसाहेबच आधी हसले. असे हसले, की चष्मा काढून ठेवावा लागला.

“पहिल्या वर्षी खरं तेच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “चर्चमध्ये असा हशा पिकला! वडील मंडळींनी समज दिली, पाळकाने स्वतःचं असं हसं करून घेऊ नये. पुढच्या वेळी म्हणालो, एक माणूस रुतला होता. मग त्याची एक बाई झाली. मग तिला हात कोण देणार? तिथे मोकळा मीच उरलो होतो! आणि इतक्यांदा सांगितलं, की पुढे पुढे मलाही तेच आठवायला लागलं.” मग ते उठले आणि ठमाबाईसमोर त्यांनी हात जोडले. “ठमाबाई, पन्नास वर्षं मी तुम्हाला चिखलात उभं ठेवलं. माफ करा मला.”

“आवं, मी कुटं व्हते चिखलात? पन्नास वर्सं मी बाजारात व्हते, मासली इकत,” ठमाबाई म्हणाली, पण हसताना तिचा सगळा चेहरा उजळला होता.

सुमतीच्या जिवात जीव आला. आनंदाने तिला काय करू नि काय नको असं झालं.

“सुमतीबाई, सातवं प्रकरण सगळं खोडा,” पाळकसाहेब खुर्चीत सावरून बसले. “आणि घ्या लिहून. आत्ता सांगतो.”

सुमतीने लॅपटॉप ओढला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि त्यांचा तो उपदेशातला आवाज लागला. “भरती वेगाने चढत होती. मी गळ्यापर्यंत रुतलो होतो...”

“गुडग्यापरीन,” ठमाबाई म्हणाली.

सुमतीची बोटं थांबली. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. “कमरेपर्यंत तरी?”

“गुडग्यापरीन.”

पाळकसाहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. “गुडघ्यापर्यंत लिहा, सुमतीबाई,” ते म्हणाले. जरा थांबले. “आणि भरती नव्हती. ओहोटी होती.”