धूळ नसलेली काच

खांबावरच्या भेगेवर आडव्या चिकटवलेल्या काचपट्टीवर धुळीचा कणही नव्हता. शेजारच्या खिडकीवर मात्र बोटाने नाव लिहावं इतकी सिमेंटची धूळ होती. भेग रुंदावली की काच तडकेल, म्हणून तपासणीच्या इंजिनिअर बाईंनी सहा महिन्यांपूर्वी ती लावली होती. "काच ठणठणीत आहे, बाई. ठोका सही," मुकादम म्हणाला, "काम आधीच रखडलंय." बाईंनी कोपऱ्यातला, महिनोन्महिने न उपसलेला कचऱ्याचा डबा पायाने कलंडवला. चहाच्या चोथ्यात तडकलेल्या पाच पट्ट्या निघाल्या. "दर महिन्याला नवी लावता?" "तुमच्या डोक्याला ताप नको म्हणून!" तो दात काढत म्हणाला. त्याच्या दातांपेक्षा मासिक तपासणीच्या वहीतल्या स्वतःच्या पाच सह्यांची त्यांना जास्त किळस आली. संशय तर दुसऱ्याच महिन्यात आला होता. वरच्या मजल्यावर गवंडी एकमेकांना चिडवत होते. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सगळ्यांना खाली उतरवा," त्या म्हणाल्या. "काम बंद."