'पण'च्या पुढचं

थोरलीला जुळं झालं त्या वर्षी, दोघी पोरी दीड महिन्याच्या असताना, जमीन हलायला लागली. मोठं काही नाही. भांडी वाजायची, दिवा झुलायचा, की पुन्हा सगळं गप्प. सहा दिवसांत असे अकरा धक्के झाले. गल्लीतली निम्मी माणसं शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या बांधून राहिली होती. त्यांत म्हातारा गवंडी होता, त्याच्या दोन्ही लेकी होत्या, जावई होता आणि ते जुळं.

सातव्या दिवशी सकाळी जावयाने अंथरुणं गुंडाळायला घेतली.

"आता पुरे," तो म्हणाला. "पोरींना सर्दी झालीय. कालपासून एकही धक्का नाही. घरी जाऊ."

"आजचा दिवस थांबा," गवंडी म्हणाला.

"बाबा, मी काय मनचं सांगतोय का? विश्वकोशात दिलंय." जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. लिहिलेल्या अक्षरावर त्याचा विश्वास दांडगा. त्याने मोबाइल पुढे धरला. "तुम्हीच वाचा. चष्मा मी करून दिलाय, दिसत नाही म्हणू नका."

गवंडी पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकला होता. ओळीखाली बोट धरल्याशिवाय त्याला अजूनही जमत नसे. त्याने काचेवर बोट टेकवलं तर ओळच वर पळाली. जावयाने हसत ती परत आणून दिली.

'लहान धक्के बसत राहिले, की जमिनीत साठलेला ताण थोडाथोडा निघून जातो.'

गवंडी कुठेच अडला नाही. बोट शेवटच्या टिंबावर आलं आणि तिथेच राहिलं. वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

ते त्याच्या धाकटीने लिहिलं होतं. धाकटी शाळेत भूगोल शिकवायची. इंटरनेटवरच्या त्या विश्वकोशात कोणालाही सुधारणा करता येते; त्यातलं भूकंपाचं पान पंडितांनी पंडितांसाठी लिहावं तसं होतं. साध्या माणसाला ते कळावं म्हणून गेली सगळी सुट्टी ती ते सुधारत बसली होती. एकेक वाक्य बापाला वाचायला द्यायची. बाप अडला की वाक्य बदलायची. या वाक्याला तेव्हा पुढे शेपूट होतं, 'पण' म्हणून काहीतरी लांबलचक. तिथे तो तीनदा अडला होता. मग वैतागून म्हणाला होता, "भिंत झालीय तुझी, आता थापी ठेव खाली. 'पण'च्या पुढचं उडव." तिने उडवलं होतं.

त्याने धाकटीला हाक मारली. ती नळाजवळ बादलीत बाळांची दुपटी पिळत होती. ओल्या हातांनीच आली.

"या वाक्यात 'पण'च्या पुढे काय होतं गं?"

तिने मोबाइलकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"पण त्याने मोठा धक्का टळत नाही," ती हळूच म्हणाली. "एका मोठ्या धक्क्याइतका जोर बाहेर पडायला असले हजारो धक्के लागतील. आणि लहान धक्के थांबले म्हणजे धोका संपला, असंही नाही."

"हे तर सोपं आहे. हेच का नाही लिहिलंस?"

"तेव्हा इतकं सोपं सुचलं नाही, बाबा."

ती तिथेच एका दगडावर बसली आणि स्वतःच्या मोबाइलवर लिहायला लागली. जावई कंबरेवर हात ठेवून बघत राहिला.

"वा, मास्तरीणबाई. वाद जिंकता येईना, म्हणून पुस्तकच बदलता?"

"आधीचंही मीच लिहिलंय, भाऊजी."

जावयाने कंबरेवरचे हात खाली घेतले. "म्हणजे इतके दिवस मी मेव्हणीच्या भरवशावर होतो म्हणायचं," तो म्हणाला. थोरलीलाही हसू आलं. ती पोरींना घेऊन निघायच्या तयारीत उभी होती.

गवंड्याने तिच्याकडून एक नात घेतली, मग दुसरी. दोघींना घेऊन तो नळासमोर, मोकळ्या मैदानात जाऊन बसला.

"ऊन कलेपर्यंत पोरी माझ्याकडे. मग न्या."

"भुकेने रडतील की," जावई म्हणाला.

"म्हणून थोरलीपण इथेच."

सासऱ्याच्या मांडीवरून पोर ओढून घेणं जावयाला बरं दिसेना. "ठीक आहे, मी पुढे होतो," तो म्हणाला. "झाडून घेतो, पाळणे टांगून ठेवतो. कड्या पक्क्या आहेत ना? तुम्हीच बसवल्यात."

"कड्या पक्क्या आहेत. पण..."

"आला, तुमचाही 'पण' आला," असं म्हणत जावयाने पायात चपला अडकवल्या आणि तो फाटकाबाहेर पडला.

गवंडी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. धाकटी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी तिने मान वर केली. "झालं," ती म्हणाली.

पाचेक मिनिटं गेली. नळ बंद होता. तरी बादलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागली. गवंड्याला ती दिसली. त्याला उठून हाक मारायची होती, पण दोन्ही मांड्यांवर पोरी झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माणसांनी स्लॅबचा तुकडा उचलला, तेव्हा दोन्ही कड्या त्यात पक्क्याच होत्या. एकीत पाळण्याची दोरी ओवलेली होती.

त्या पानावर कोणी कधी काय बदललं याची यादी असते. तीत धाकटीची दुरुस्ती आहे: गुरुवार, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. जावई त्याच गुरुवारी गेला, दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी.